मालकासाठी पाहिलेली रत्नागिरी

सेवादास राठोड मनात डूख धरणारा माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की सांगणाऱ्यानं त्याला देवमाणूस करून दाखवला. राळेगावच्या पुढं जंगलाला लागून त्याचा बंजाऱ्यांचा तांडा. अंगानं उंच आणि वाळका, मिशा पांढऱ्या, आवाज इतका हळू की समोरच्यानं दोनदा विचारावं. भांडण नाही, तंटा नाही. पण तेवीस वर्षं हा गडी पोटात एकच गोष्ट घेऊन हिंडला, आणि हिंडला कुठं, तर ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याच अंगणात.

तो दुसरा म्हणजे यवतमाळचा सदाशिवराव ठेकेदार. सागवानाचे कूप घ्यायचा, म्हणजे आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यातली झाडं तोडायचा ठेका. १९३८ साली त्यानं कूपाच्या हद्दीबाहेरची चाळीस झाडं पाडली. चौकशी लागली तशी त्यानं सरळ आपल्या गाडीवानाचं नाव घेतलं. गाडीवान धनसिंग, सेवादासचा थोरला भाऊ. तांड्यावरचा माणूस म्हटल्यावर पुढं कोणी काही विचारलंच नाही. चाळीस सागवान एकटा माणूस कसा पाडेल आणि एका बैलजोडीवर कुठं नेईल, एवढंही कोणाच्या डोक्यात आलं नाही. दोन वर्षांची सजा लागली. चौदाव्या महिन्यात धनसिंग तुरुंगातच खोकून खोकून मेला.

पोलीस तांड्यावर आले तेव्हा त्यांनी बायकांच्या पेट्या उपसल्या, नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हाताऱ्या बापाला उन्हात बसवून ठेवलं. साऱ्या तांड्याची अब्रू गेली. मग नसाब बसला, म्हणजे तांड्याची पंचायत, आणि नसाबानं धनसिंगच्या घराला वर्षभरासाठी तांड्याबाहेर काढलं. ते वर्ष ज्यानं काढलं त्यालाच ठाऊक. कोणी विस्तव देत नाही. विहिरीवर गेलं की बाया घागरी उचलून निघून जातात. शिवी दिली तरी बरं वाटेल, पण शिवीही कोणी देत नाही. सेवादासची याडी, म्हणजे आई, त्याच वर्षात गेली. तिला खांदा द्यायला चौथा माणूस मिळाला नाही. तिघांनी उचलली, आणि वाटेत दोनदा खाली ठेवावी लागली. सेवादास ते कधी विसरला नाही. माणसाला मारायचं असेल तर मारू नये, त्याला माणसांतून उठवावं, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

वर्ष संपल्यावर घराला परत आत घेतलं. धनसिंगला घेतलं नाही. दिवाळीला तांड्यावर विस्तवावर गोडाचा घास टाकून एकेका पितराचं नाव घेतात. बापाचं, आजाचं, पणजाचं. धनसिंगचं नाव आलं की म्हातारे गप्प बसत आणि पुढच्या नावावर जात. त्याची बायको रुपीबाई दर दिवाळीला ते ऐकत उभी असायची. एकदा तिनं नायकालाच विचारलं, "याचं नाव कधी घेसान?"

नायक किसनसिंग वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "ज्या तोंडानं आळ घेतला, त्याच तोंडानं इथं उभं राहून मागं घ्यावा लागन, बाई. कागद चालनार नाही. कागदानंच तर धनसिंग गेला."

तांड्याच्या रिवाजाप्रमाणं रुपीबाई नंतर धाकट्या दिराच्या, सेवादासच्या घरात आली. वयानं ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. वहिनी होती तेव्हा त्याला 'तू' म्हणायची, बायको झाल्यावरही 'तू'च म्हणत राहिली. लोक हसायचे. ती कोणाच्या हसण्याला भीक घालणारी नव्हती.

आता ऐका, त्या सदाशिवरावाची हिंमत. धनसिंग मेल्यावर चार महिन्यांनी त्यानं सेवादासला बोलावणं धाडलं. म्हणाला, "तुह्या भावाचं वाईट झालं. तू माह्याकडं कामाला ये, पोटाला लाग." तांडा थक्क झाला तो सेवादास गेला म्हणून. तोंडावर कोणी बोललं नाही, पण मागून बोलले, की याच्या अंगात रक्त हाय का पानी. सेवादासनं ऐकून घेतलं. सूड घ्यायचा तर माणूस हाताजवळ पाहिजे, हा त्याचा हिशोब साधा होता.

पहिल्याच वर्षी त्यानं एकदा विचारूनही पाहिलं. "मालक, नायकासमोर एकडाव बोला. दोन शब्दाचं काम हाय." सदाशिवरावानं त्याच्याकडं न पाहता विचारलं, "कोणत्या गोष्टीबद्दल बोलून राह्यला तू?" आणि संध्याकाळी गड्याच्या हातून नवं धोतर पाठवलं. सेवादासनं ते धोतर बैलाच्या गळ्याखाली बांधलं आणि पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

त्याचं काम पडाव, म्हणजे मुक्कामाची जागा, निवडायचं. हे काम त्याला ठेकेदारानं शिकवलं नव्हतं, ते घराण्यातच होतं. आजा लदेणीवर जायचा, शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य लादून कोकणाकडं उतरायचा आणि मीठ घेऊन परत यायचा. तेव्हा तांड्याच्या आधी एक माणूस पुढं जाऊन मुक्कामाची जागा पाहायचा. पाणी तोंडात धरून चाखायचं. एक रात्र भुईवर झोपायचं. यायची वाट कोणती, जायच्या वाटा किती, ते मोजायचं. आणि शेवटी बसून राहायचं, जवळच्या गावातून कोण येतं आणि काय विचारतं ते पाहायला. सेवादासनं हे आजाकडून उचललं होतं. दरसाल दिवाळीनंतर कूप सुरू व्हायच्या आधी तो आठ दिवस जंगलात जायचा आणि मजुरांच्या झोपड्या कुठं घालायच्या ते ठरवून यायचा. दुसऱ्या ठेकेदारांच्या पडावावर हगवण लागायची, माणसं मरायची. सेवादासनं निवडलेल्या जागी वीस वर्षांत एक मजूर दगावला नाही. सदाशिवराव सगळ्यांना सांगायचा, सेवादासनं जागा पाह्यली की मी डोळे मिटून जातो.

डोळे मात्र तो सेवादासला पाहूनच मिटायचा, म्हणजे निदान फिरवायचा. दोघा भावांचा चेहरा एकच होता. रोज सकाळी सदाशिवराव दार उघडायचा तेव्हा सेवादास समोर अंगणात उभा असायचा, आणि मालक झाडाकडं बघत कामं सांगायचा. सेवादासला हे दिसत नव्हतं असं नाही. पण मालकाला गर्व आहे, गड्याच्या तोंडाकडं कशाला पाहील, असंच तो समजायचा. तिथं तो पहिल्यांदा चुकला.

एकदा, सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात, भर दुपारी सदाशिवराव मोहाच्या झाडाखाली तोंड उघडं टाकून झोपला होता. आसपास कोणी नव्हतं आणि सेवादासच्या हातात कुऱ्हाड होती. तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याला याडीची ती वाटेत खाली ठेवलेली तिरडी आठवली. हा झोपेतच मेला तर याला काय कळणार, असं म्हणून त्यानं कुऱ्हाड लाकडात रोवली आणि पाणी प्यायला गेला.

छप्पन साली वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्याला जोडलं गेलं आणि कुठले कुठले साहेब यवतमाळला बदलून यायला लागले. त्यातला एक रत्नागिरीचा. सदाशिवरावाच्या ओटीवर बसून तो समुद्राच्या गोष्टी सांगायचा. किती शांत गाव, किती स्वच्छ, संध्याकाळी वारा कसा सुटतो, पेन्शन घेतलेल्या माणसानं राहावं तर तिथंच. साहेब बदलून गेला, पण समुद्र सदाशिवरावाच्या डोक्यात राहिला. पुढं बायको वारली. दोन पोरी लग्न होऊन नागपूर-जबलपूरला गेल्या. दमा लागला. एकसष्ट साली त्यानं ठेका बंद केला आणि सेवादासला बोलावून सांगितलं, "मले रत्नागिरीले जाऊन राह्याचं हाय. तू जाऊन ये. पानी पाह्य, घर पाह्य, मानसं पाह्य. तू हो म्हनशीन तर जाईन, नाही म्हनशीन तर इथंच मरीन."

सेवादास "जी" म्हणाला आणि बाहेर आला. बाहेर येऊन निंबाखाली बसला. ज्याची वाट पाहिली ते असं आपल्या पायानं चालत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. वैऱ्याचं म्हातारपण त्याच्या ओंजळीत आलं होतं, आता ते कुठं सांडायचं एवढंच ठरवायचं होतं.

छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं पुणं, मग कोल्हापूर आणि पुढं एसटीनं घाट उतरून रत्नागिरी. चार दिवस लागले. एसटी स्टँडजवळच्या एका खानावळीत उतरला आणि त्यानं कामाला सुरुवात केली, अगदी जंगलात करायचा तशी. सात विहिरींचं पाणी चाखलं. पाणी गोड होतं, पण पाणी शेंदणाऱ्या म्हातारीनं सांगितलं की वैशाखात अर्ध्या विहिरींचा तळ दिसतो. बाजारात ज्वारी शोधली, मिळाली नाही. भात आणि मासे, मासे आणि भात. कमरेचा अडकित्ता चार दिवसांत गंजला. एक रात्र मांडवीच्या किनाऱ्यावर वाळूत घोंगडी टाकून झोपला, तर सकाळी घोंगडी ओली आणि छाती जड. मला, धडधाकट माणसाला, एवढं होतं तर दमेकऱ्याचं काय होईल, हे मनात आलं तेव्हा त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

चांगलंही होतं, आणि तेही त्यानं मोजलं. रस्ते झाडलेले. कोणी आवाज चढवून बोलत नाही. दवाखाना आहे. दुकानदारानं पैसे जास्त घेतले नाहीत. संध्याकाळचा वारा साहेब म्हणाला होता तसाच. जागा वाईट म्हणायची सोय नव्हती.

मग शेवटची परीक्षा. तो धक्क्यावर जाऊन बसला. डोक्याला लाल पागोटं, कानात बाळ्या, अंगात बाराबंदी. असा माणूस वऱ्हाडात नव्या गावी पारावर बसला असता तर घटकेत दहा जण गोळा झाले असते. गाव कोणतं, जात कोणती, पोरं किती, इकडं काहून आला, चहा पेतं का. इथं तो तीन दिवस बसला. लोक आले, गेले, होड्या लागल्या, सुटल्या. वाटेत आला तर लोक "जरा सरका हां" म्हणाले. पण तू कोण, असं एकानंही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सेवादास पागोटं सारखं करून उठला. त्याला तांड्याबाहेरचं ते वर्ष आठवलं, तस्संच्या तसं.

खानावळवाल्यानं त्याला टेकडीवरचा राजवाडा दाखवला होता. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी पकडून इथं आणून ठेवलं, तीस वर्षं ठेवलं, आणि तो इथंच मेला, असं सांगितलं होतं.

"त्यानं काय केलतं?" सेवादासनं विचारलं.

"लढाई हरला, आणखी काय."

"मंग फाशी काहून नाही देली?"

खानावळवाला भात वाढत होता. "राजाला कोणी फाशी देतं का? आणि फाशीनं काय होतं? एका दिवसात सुटला असता."

सेवादासला ते पटलं. त्या दिवशी त्याचं ठरलं. इंग्रजांना एवढी मोठी दुनिया पडली होती आणि राजाला कुजवायला त्यांनी हे गाव निवडलं, मग सदाशिवराव ठेकेदाराला कोणतं निवडायचं, हा प्रश्नच उरला नाही.

घर त्यानं मुद्दाम दीपगृहाच्या वाटेवर टोकाचं पाहिलं. चिऱ्याचं, कौलारू, पुढं नुसतं पाणी. शेजार नाही. घराची मालकीण विमलताई खालच्या आळीत राहायची. चांगली बाई. तिनं विचारलं, "एकटेच राहणार ना तुमचे मालक? मग हे घर नका घेऊ. पावसात चार महिने इकडं कोणी चढत नाही. आळीत बघून देते."

"एकटंच घर पायजे त्यायले," सेवादास म्हणाला.

परत आल्यावर सदाशिवराव ओटीवर वाट पाहत बसला होता. सेवादासनं जागेबद्दल आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. पाणी गोड हाय. घर मजबूत हाय. मानसं सुदी हायेत. वैशाखातल्या विहिरी आणि ओली घोंगडी तेवढी त्यानं पोटात ठेवली. शेवटी म्हणाला, "कोनी काही इचारत नाही, मालक. तीन दिवस बसलो, कोनीच नाही इचारलं."

"कोनीच नाही?"

"कोनीच नाही."

सदाशिवरावानं मान हलवली. "मंग जमलं," म्हणाला आणि आत गेला. सेवादासला मनातून हसू आलं. म्हाताऱ्याला पुरता अर्थ कळलाच नाही, असं त्याला वाटलं.

निघायच्या दोन दिवस आधी सदाशिवराव जीप घेऊन तांड्यावर आला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. सेवादास वाटेवरच भेटला. मालकानं खाली उतरून विचारलं, "नायक घरी हाय का?"

किसनसिंग घरातच दोर वळत बसला होता. पण सेवादासच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भावाला खाल्लं, याडीला खाल्लं, आणि आता निरोपाचा नारळ घ्यायला आला. तांड्यानं याला चहा पाजावा, चार म्हाताऱ्यांनी जपून जा म्हणावं आणि यानं हलक्या मनानं गाडीत बसावं, हे तो होऊ देणार नव्हता.

"नायक लग्नाले गेले," तो म्हणाला.

"मंग दुसरे चार जन बोलावता येतीन का?"

"सारे वावरात हायेत, मालक. कपाशीचे दिवस. तुमाले उशीर होईन."

सदाशिवरावानं चष्मा काढून पुसला. तांड्याकडं पाहिलं. मग जीपमध्ये बसला आणि गेला. त्या दिवशी सेवादासनं बोकड कापला. रुपीबाईनं कारण विचारलं तर म्हणाला, "तुह्या धनसिंगचा न्याय झाला. त्याले अशा जागी धाडलं, की कुत्रं बी इचारनार नाही." रुपीबाईनं मटण शिजवलं, सगळ्यांना वाढलं, आणि स्वतः मात्र भाकरीवर मीठ घेऊन खाल्लं.

वर्ष गेलं. सेवादास सुखात होता. पाऊस पडायला लागला की तो मनात म्हणायचा, तिकडं याच्या दुप्पट पडत असेल. खोकला आला की म्हणायचा, तिकडं याच्या चौपट येत असेल. चिलीम ओढता ओढता त्याला ते टोकाचं घर दिसायचं, बंद दार, ओल्या भिंती, आणि आत म्हातारा एकटाच माणसाच्या आवाजासाठी कान देऊन बसलेला. असा सूड तांड्यात कोणी घेतला नव्हता.

बासष्टच्या दिवाळीला वीस दिवस होते तेव्हा रत्नागिरीचं पत्र आलं. शाळेच्या मास्तरानं दारात उभं राहून वाचलं. रुपीबाई जात्यावरून उठून आली.

"सेवादासला आशीर्वाद. तू निवडलेली जागा फार चांगली निघाली. पहिला पावसाळा जड गेला, पण निभावलं. इथं मला कोणी ओळखत नाही. यवतमाळला दार उघडलं की समोर तू असायचास. इथं दार उघडलं की समुद्र असतो. तेवीस वर्षं मला नीट झोप नव्हती, ती आता लागते. निघण्याआधी तांड्यावर आलो होतो तो नायकासमोर धनसिंगबद्दल बोलायलाच आलो होतो. फार धीर करून आलो होतो. नायक भेटला नाही तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरंच झालं. आता त्याची गरज राहिली नाही. तुझे उपकार विसरणार नाही."

मास्तर पत्र देऊन गेला. रुपीबाईनं पत्र हातात घेतलं. मग म्हणाली, "थो तांड्यावर आलता?"

"आलता."

"नायक तवा कुठी होता?"

सेवादासनं खाली पाहिलं. "घरीच होता."

रुपीबाईनं कपाळाला हात लावला नाही, की रडली नाही. ती ते पत्र घेऊन नायकाकडं गेली. किसनसिंगनं मास्तराला बोलावून दोनदा वाचून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. बोलायला आलो होतो म्हणतो हा, पण काय बोलायला ते कागदात नाही. आणि असतं तरी कागद तो कागद. रुपीबाई परत आली ती दारातूनच म्हणाली, "तू जाय. त्याले घेऊन ये. दिवाळीच्या आंधी आन."

"अन् थो नाही आला तर?"

"पाय धर."

"मी? मी त्याचे पाय धरू?"

"माह्या नवऱ्याचं नाव हाय थे," रुपीबाई म्हणाली. वीस वर्षं त्याच्या घरात राहून ती हे त्यालाच सांगत होती. सेवादासला ते लागलं. त्यानं एक गोऱ्हा विकला आणि निघाला.

टोकाच्या घराचं दार उघडं होतं. ओटीवर चटई टाकून खालच्या आळीतले चार म्हातारे पत्ते खेळत होते आणि मधोमध सदाशिवराव बसला होता. दमा होता, पण गालावर मांस आलं होतं. सेवादासला पाहून तो उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सेवादासच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. सोबत्यांना म्हणाला, "हा माझा माणूस. यानंच मला इथं आणलं." ते म्हातारे म्हणाले, वा, भाऊसाहेबांसारखा सोबती दिलात आम्हाला, बसा. विमलताईनं चहा पाठवला. सेवादासनं राजाच्या शिक्षेचा विचार करून जी जागा निवडली होती, तिथं ठेकेदाराचा दरबार भरत होता.

सगळे गेल्यावर सेवादासनं खरंच त्याचे पाय धरले. "चाला, मालक. एका दिवसाचं काम हाय. मी नेतो, मीच परत आनून सोडतो."

"काय बोलाचं हाय तिथं?" सदाशिवराव शांतपणे म्हणाला. "धनसिंगनं झाडं तोडली नाहीत. म्या तोडली. मजूर माहे होते, कुऱ्हाडी माह्या होत्या. नाव त्याचं घेतलं, काहून की थे सोपं होतं. झालं? बोललो. जाऊन सांग."

एवढंच होतं ते. तेवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते माणसानं पान लावता लावता सांगून टाकलं, आणि ऐकायला समुद्राशिवाय कोणी नव्हतं.

"माह्या तोंडाचं कोन आयकन?" सेवादास म्हणाला. "मी त्याचा भाऊ हावो."

"मंग लिहून देतो."

"कागद चालत नाही."

"मंग मी काय करू?" सदाशिवरावानं पाय सोडवून घेतले. "तिकडं आलो तर मी पुन्हा थोच. इथं मी भाऊसाहेब हावो. मी नाही येत. तू राह्य चार दिवस, मासे खाय."

ओटीच्या कोपऱ्यात नारळ सोलायचा कोयता पडला होता. सेवादासची नजर तिकडं गेली आणि परत आली. हे तोंड बंद झालं तर धनसिंग जन्माचा चोर राहणार होता. ज्या तोंडात माती घालायची म्हणून एवढी वर्षं काढली, तेच आता फुलासारखं जपायची पाळी आली होती. तो चार दिवस राहिला. रोज पाय धरले. रोज सदाशिवरावानं त्याला प्रेमानं जेवू घातलं, स्वतःच्या हातानं अंथरूण टाकून दिलं आणि नाही म्हटलं. एकदाही चिडला नाही. चिडला असता तर सेवादासला जरा तरी बरं वाटलं असतं.

इकडं रुपीबाईनं नायकाला सांगून ठेवलं होतं की तो माणूस येणार आहे. धनतेरसेला ती राळेगावच्या एसटी स्टँडवर येऊन बसली. ठेवणीतला घागरा, ठेवणीतली ओढणी, सोबत पाहुण्यासाठी पाण्याचा लोटा. किसनसिंग आणि दोन पंचही आले होते. माणूस मोठा आहे, तांड्यापर्यंत चालवत आणणं बरं नाही, इथंच ऐकून घेऊ, असं नायकच म्हणाला होता. तिघं निंबाखाली घोंगडी टाकून बसले. सकाळची गाडी आली, दुपारची आली.

तिसऱ्या गाडीतून सेवादास उतरला. रुपीबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही, ती त्याच्या मागं पाहत होती. एक बाई लेकरू घेऊन उतरली. दोन बाजारकरी उतरले. कोंबड्यांची टोपली घेऊन एक म्हातारा उतरला, तो जवळ येईपर्यंत नायक घोंगडीवरून अर्धा उठला होता. मग कोणी उतरलं नाही. कंडक्टरनं दार ओढून घंटी मारली आणि गाडी वणीच्या रस्त्याला लागली. रुपीबाई हातात लोटा घेऊन गाडीच्या मागं आठ-दहा पावलं चालत गेली.